माझ्या मांजरपाटावरचा नवरंग

कापड माझं होतं, हे आधी सांगून ठेवतो. पुढे काही ठिकाणी माझा आवाज चढेल, तेव्हा ही गोष्ट ध्यानात असलेली बरी. कोरा मांजरपाट, मोठ्या पन्ह्याचा, माझ्या सीताबर्डीच्या दुकानातला. गेल्या वर्षीच्या त्या कापडावर टिटवी आहे, खंड्या आहे, भारद्वाज आहे, एका शाळकरी मुलीनं काढलेला चिमणीएवढा मोरही आहे. माझा एकही पक्षी नाही. माझं गवत आहे.

मी दुकानदार माणूस. दुकान वडिलांनी दिलेलं नाही. ब्लाउजपीसचा गठ्ठा खांद्यावर टाकून बर्डीच्या फुटपाथवर उभा राहायचो, तिथून हे शटर आलं. त्या फुटपाथवर एक गोष्ट शिकलो, ती अजून सुटलेली नाही. मनात एक असेल तर तोंडातून दोन काढायचे. गिऱ्हाईक अर्ध्यावर येतं, आपण कुरकुरतो, ते जरा वर सरकतं, आपण जरा खाली, आणि दोघंही जिंकल्यासारखे घरी जातात. याला कोणी खोटं म्हटलं की मला राग येतो. समोरच्याला माहीत असतं की मी वाढवून सांगतोय, मला माहीत असतं की त्याला माहीत आहे. खोटं कोणाशी झालं?

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. साठी ओलांडलेली, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. धरमपेठेत राहणाऱ्या, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं. त्यांनी वीस मीटर मांजरपाटाचा भाव विचारला. मी नेहमीसारखा सांगितला, म्हणजे खाली यायला भरपूर जागा ठेवून.

त्या म्हणाल्या, "बरं. द्या."

मी कैची हातात घेऊन तसाच उभा. कमरेला पदर खोचून भांडायला यावं आणि शेजारणीचं दार बंद असावं, तसं झालं. इतक्या वर्षांत माझा पहिला भाव कोणी घेतला नव्हता. मलाच चैन पडेना, म्हणून कापताना एक मीटर जास्त धरला. त्यांच्या लक्षात आलं.

"हे जास्तीचं कशाला? मला वीसच हवंय."

"असू द्या बाई, माझ्याकडून."

"नको. वीस म्हणजे वीस."

दोनदा हरलो, एकाच गिऱ्हाइकाकडून, आणि तेही पाच मिनिटांत. कापडाची घडी घालताना विचारलं, एवढ्या मांजरपाटाचं करणार काय?

"पक्षी काढणार," बाई म्हणाल्या. निसर्ग जपायचं काम करणारं त्यांचं एक छोटं मंडळ होतं. मे महिन्याच्या सुट्टीत दर रविवारी पहाटे ते लोकांना शहराच्या पश्चिमेच्या तलावामागच्या रानात फिरायला नेत, आणि ऊन चढायच्या आत झाडाखाली बसून सगळे मिळून चित्रं काढत. शुल्क नाही, नाव नोंदवणं नाही. "तुम्हीही या की, भाऊ."

घरी बायकोला सांगितलं की डॉक्टरनं चालायला सांगितलंय. खरं कारण वेगळं होतं. जी बाई भाव करत नाही, ती माझ्या कापडाचं काय करते, ते मला पाहायचं होतं.

मे महिन्यात नागपूर सकाळी आठपर्यंत माणसांचं असतं. त्यानंतर ते कूलरचं. म्हणून साडेपाचला रानाच्या फाटकाशी पंचवीसेक माणसं जमलेली. काही घरं मुलाबाळांसकट आलेली, कॉलेजातली पोरं, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, ज्यांच्या गळ्यात दुर्बीण आणि तोंडात सतत काहीतरी टोमणा. त्यांनी मला पाहताच नाव ठेवलं, "सेठ." आम्ही दोघं शहराच्या बेसा भागातलेच निघालो, तरी त्यांनी मला कधी स्कूटरवर मागे बसवलं नाही. ते जाऊ द्या.

बाईंनी निघण्याआधी नियम सांगितला. तो मी शब्दाला शब्द सांगतो, कारण पुढे लागेल. "पक्षी दोघांनी पाहिलेला असला तरच यादीत येईल. ज्याला आधी दिसला, तो पक्षी त्याचा. तोच कापडावर काढेल. ज्यांना पक्षी मिळणार नाही ते गवत काढतील, माती काढतील. त्याचीही गरज असते."

गवताची गरज असते, असं म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. पण मला आता तसं आठवतं.

चार रविवारांपैकी तिसऱ्या रविवारी ते घडलं. सुरतेच्या व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून मी मागे राहिलो. बाकीचे पुढे गेले. एक कोरडा नाला होता, करंजाच्या सावलीतला, वाळलेल्या पानांनी भरलेला. फोन कटला. मी तोंडावर आलेली शिवी गिळतोय तोच खाली पानं खुडखुडली.

तो पक्षी मी कसा सांगू? मला कापडातलंच सुचतं. पाठ मेहंदी रंगाची. पोट बदामी. डोळ्यावरून काळा पट्टा, जसा काठ असावा. खांद्यावर मोरपंखी तुकडा, इतका चमकणारा की साटीन म्हणावं. आणि शेपटीखाली लाल, गडद, न विटणारं. एवढे रंग एका थानात कोणी घालत नाही, घातले तर ते थान विकलं जात नाही, पण त्याच्या अंगावर सगळं जमून गेलं होतं. शेपूट मात्र आखूड. शेवटी कापड पुरलं नाही तशी. दोन मिनिटं तो पानं उलथत राहिला. मी हललो नाही. मी, ज्याच्या दुकानात पंख्याच्या आवाजावरूनही भांडण होतं, तो दोन मिनिटं हललो नाही.

मग तो गेला, आणि मी धावत सगळ्यांकडे गेलो.

कडुलिंबाखाली बाई कागद घेऊन बसलेल्या. मी धापा टाकत रंग सांगितले. त्यांचे डोळे एकदम लहान मुलीसारखे झाले.

"नवरंग! अहो, यंदा अजून कोणालाच दिसला नव्हता. किती होते?"

किती, हा प्रश्न मी आयुष्यभर रोज ऐकलेला आहे. किती म्हटलं की माझं तोंड डोक्याच्या आधी चालतं.

"दोन," मी म्हणालो.

"दोन? कुठे?"

"नाल्यात."

"दोघंही जमिनीवर?"

"एक खाली. एक वर, फांदीवर."

"फांदीवर काय करत होता?"

"बसला होता."

"तुम्ही तर म्हणालात, पानं उलथत होते. फांदीवर कुठली पानं उलथणार?"

"मग दोघंही खाली."

"आत्ता म्हणालात एक वर."

सगळे ऐकत होते. साहेबांनी तर दुर्बीण खाली ठेवली होती. मी पाहिलं, सौदा हातातून चाललाय, आणि जे कोणताही दुकानदार करतो ते केलं.

"बरं बाई, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या. एक लिहा."

साहेबांना ठसका लागला. हसण्याचा. बाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं 'नवरंग' त्यांनी एका रेघेत खोडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही. आणि भाऊ, इथे भाव होत नाही."

"अहो, एक तरी होता! एक खरा होता! तुमचा नियम घाला..." पुढे मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. इतका ओरडलो की डोक्यावरच्या कडुलिंबाच्या ढोलीतून एक पिंगळा उडाला, त्या लहान घुबडाची झोप मोडली बिचाऱ्याची. साहेब ओरडले, "पिंगळा!" बाईंनीही पाहिला. दोघं झाले. पिंगळा यादीत गेला, साहेबांच्या नावावर. माझ्या ओरडण्यानं उडालेला पिंगळा.

मला गवत मिळालं. बाजारातले रंग बाईंना चालत नाहीत. गेरू, कोळसा, हळद, नीळ आणि वाळवलेली पळसाची फुलं, एवढ्यावर काम. हळदीत नीळ घालून मी हिरवा केला आणि दीड तास मांजरपाटाच्या खालच्या काठानं काड्या ओढत बसलो. शेजारी साहेब शिटी वाजवत पिंगळा काढत होते. त्याचे डोळे त्यांनी इतके मोठे काढले की पिंगळ्यानं चष्मा लावल्यासारखं दिसत होतं.

ते कापड धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये लागलं. मी बायकोला दाखवायला नेलं. तिनं डावीकडून उजवीकडे सगळं पाहिलं, मग खाली वाकली.

"हे गवत तुमचं का?"

"हो."

"बरं आहे की. गाईले आवडन."

वर्षभर मी ही हकिकत दुकानात सांगितली. जो ऐकेल त्याला. पडद्याचं कापड घ्यायला आलेल्या एक गिऱ्हाईक बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मनाले इतकं लागलं आहे, तर आजच्या दिवस तरी माझ्याशी घासाघीस नका करू. अर्ध्यात द्या." पाच मिनिटांनी मी अर्ध्याच्या जरा वर दिलं. मन हलकं झालेलं असलं की हात सैल पडतो.

यंदाच्या एप्रिलमध्ये बाई परत दुकानात आल्या. तेच बूट, तीच ओढणी. "वीस मीटर, भाऊ."

मी याच दिवसाची वाट पाहत होतो. गादीवर मांडी नीट केली, पाणी मागवलं, आणि म्हणालो, "बाई, कापड फुकट. वीस काय, तीस घ्या. फक्त माझा गेल्या वर्षीचा नवरंग यंदाच्या कापडावर घ्या. मी काढतो. कोपऱ्यात चालेल."

बाईंनी पाणी संपवलं. "भाऊ, तुमच्या शेजारीही कापडाचं दुकान आहे ना?" असं म्हणून उठल्या, आणि चालायला लागल्या.

आता आमच्या धंद्यात चालायला लागलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नसते. जो हाक मारतो तो हरतो. दारापर्यंत जाऊ द्यायचं, पायरीपर्यंत जाऊ द्यायचं, ते आपणच वळतं. बाई पायरी उतरल्या. वळल्या नाहीत. शेजारच्याच्या मांजरपाटाला खळ किती असते ते मला ठाऊक आहे. त्यावर रंग धरला नसता. आणि मुख्य म्हणजे कापड दुसऱ्याचं, पक्षी दुसऱ्यांचे, मग माझं तिथे उरलं काय?

"बाई!" मी हाक मारली.

वीस मीटर कापून दिलं. भाव या वेळी सरळ सांगितला, एकच, तोही त्यांनी तसाच मोजून दिला. मला वाटतं त्यांना फरकसुद्धा कळला नाही.

साक्षीदार नसल्यामुळे मी हरलो होतो, तेव्हा यंदा साक्षीदार घरूनच न्यायचं ठरवलं.

"रविवारी माझ्यासंगं यायचं आहे तुले," बायकोला म्हणालो.

"काहून?"

"साक्षीदार म्हणून."

"कोर्टात?"

"नाही वं, रानात. नवरंग दिसला की हो म्हणायचं, बस."

"दिसला त हो म्हणीन. नाही दिसला त नाही म्हणीन."

"मी दाखवल्यावर दिसनच."

"लग्न झाल्यापासून तुमी मले लय काही दाखवतो म्हणून राहिले," ती म्हणाली. पण आली. नवे बूट घेतले, माझ्या ओळखीच्या दुकानातून, मला न घेता जाऊन, छापील किमतीत. त्यावर मी बोललो नाही, कारण साक्षीदार फुटला असता.

पहिल्याच रविवारी, फाटकातून दहा पावलंही गेलो नसू, ती थांबली आणि साहेबांच्या बाहीला धरून ओढत म्हणाली, "अवो साहेब, तो पाहा! डोक्यावर कंगवा खोचलेला!"

हुदहुद होता. डोक्यावरचा तुरा उघडत मिटत मातीत चोच खुपसत होता. साहेबांनी पाहिला, बाईंनी पाहिला, निम्म्या लोकांनी पाहिला.

"किती होते?" बाईंनी कागद काढत विचारलं.

"एक," बायको म्हणाली.

बाईंनी लिहिलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  त्या पाहण्याचाच मला जास्त राग आला.

दुसरा रविवार कोरडा गेला. तिसराही. नवरंग पावसाच्या आधी काही दिवस इकडे येतो असं बाई सांगत. आला असेल, आला नसेल. मी दर वेळी बायकोला घेऊन त्या नाल्याशी उभा. ती करंजाच्या मुळावर बसून पोह्यांच्या गोष्टी करायची, कारण फिरणं संपलं की फाटकाशी तर्री, म्हणजे तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांची गाडी लागते. "आज तर्री जास्त घालायला सांगा," ती म्हणायची, आणि मी म्हणायचो, "हळू बोल." साहेब येता-जाता विचारायचे, "काय गा सेठ, आज किती? चार म्हण, दोनावर येऊ."

चौथ्या, म्हणजे शेवटच्या रविवारी बायकोनं सांगितलं, "मी नाही येत त्या नाल्यावर. माझा हुदहुद पुरा करायचा आहे आज, मी हात स्थिर ठेवून राहिली." ती पुढच्यांबरोबर गेली. मी एकटा निघालो. पाठीमागे कॅनव्हासचे बूट वाजले.

"चला," बाई म्हणाल्या. "दाखवा तुमची जागा."

मला तर वाटलं, आज काम झालं. आता यांच्याच डोळ्यांनी. आम्ही दोघं नाल्याच्या काठाशी उभे राहिलो. अर्धा तास गेला. घामाची धार मानेवरून खाली. मग पलीकडून शीळ आली, दोन सुरांची, खणखणीत.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तोच.

"ऐकला ना?" मी कुजबुजलो.

"ऐकला."

"मग लिहा."

"ऐकलेला लिहीत नाही आपण. पाहू द्या."

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. ओरडलो नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा. दात आवळून खाली बसलो, चप्पल काढली, काटा चिमटीत धरला. तेवढ्यात बाईंनी माझा खांदा गच्च पकडला.

"तो पाहा. तो पाहा, भाऊ. मुळाशी."

मी वर पाहिलं. एक पान खाली येत होतं. बाकी काही नव्हतं.

"पाहिलात ना?" त्यांचा आवाज थरथरत होता. गेल्या वर्षी धावत कडुलिंबाकडे गेलो तेव्हा माझाही असाच असणार. तिथून कडुलिंबापर्यंत त्या माझ्यापुढे चालल्या, जवळजवळ पळत, आणि मी मागून लंगडत.

"किती होते?" मी मागून विचारलं.

"एक," त्या मागे न वळता म्हणाल्या.

झाडाखाली मांजरपाट अंथरलेला, कोपऱ्यांवर दगड. सगळे बसलेले. बाईंनी कागद घेतला, स्वतःच लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "नवरंग. एक. नाल्यात. मी पाहिला."

साहेबांनी विचारलं, "आणि दुसरं कोण?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बायकोचंही. हातात पळसाच्या रंगाची वाटी तशीच.

असा मोका माझ्या हाती आयुष्यात आला नव्हता. समोरच्याला गरज आहे, माल फक्त माझ्याकडे आहे, आणि शेजारी दुसरं दुकान नाही. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर बाईंचा नवरंग यादीत. 'हो, पण' म्हटलं असतं तर कदाचित माझाही. त्यांनी मला नजरेनंसुद्धा विनंती केली नाही. कागदाकडेच पाहत होत्या.

तोंड उघडलं तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं की काय निघणार. गेल्या वर्षी मी जो पाहिला तो खरा होता. वर्षभर मी त्याच्या जोरावर भांडलो. आज न पाहिलेल्याला हो म्हटलं की तो गेल्या वर्षीचाही खोट्यात जाणार, मग भांडायला माझ्याकडे उरणार काय?

"मी पान हललेलं पाहिलं," मी म्हणालो. "पक्षी नाही."

"अरे बापा!" साहेब म्हणाले. "सेठ, सूड उगवून राहिला का?"

"तुम्ही पिंगळ्याचं बोला!" मी ओरडलो. "तो कोणाच्या आवाजानं उडाला होता, ते बोला!" वर पाहिलं. या वेळी काही उडालं नाही.

बाईंनी पेन्सिल उचलली. क्षणभर ती कागदाच्या वर तशीच राहिली. मग त्यांनी रेघ ओढली, सरळ, गेल्या वर्षीसारखीच. त्या दिवशी त्यांनी आणखी एकही पक्षी आधी पाहिलेला नव्हता. त्यामुळे नियमानं त्यांच्या वाट्याला गवत आलं. माझ्या वाट्याला होतंच.

आम्ही दोघं खालच्या काठाशी बसलो. मधे हळद-निळीची वाटी. त्यांचं गवत म्हणजे शाळेच्या फळ्यावरच्या रेघा, एका मापाच्या, एकमेकींपासून समान अंतरावर.

"असं नसतं गवत," मी म्हणालो. "थोडं वाकवा. एकावर एक येऊ द्या. हे तर कंपाउंडचे गज झाले."

त्यांनी दोन काड्या वाकवल्या. बऱ्या आल्या. मग हळू आवाजात विचारलं, "गेल्या वर्षी एकच होता ना?"

"एकच."

"मग दोन कशाला म्हणालात?"

"तुम्ही एकावर याल म्हणून."

त्यांनी कुंचला थांबवला. "आणि सरळ एक म्हणाला असतात तर?"

"तर अर्ध्यावर आणला असता. सगळे आणतात."

त्या हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसल्या, तेही मी विनोद केला नव्हता तेव्हा. मग म्हणाल्या, "कसा होता हो तुमचा?"

मी सांगितला. मेहंदी, बदामी, काठ, साटीन. "आणि शेपूट आखूड. शेवटी कापड पुरलं नाही तशी."

"हो!" त्या एकदम म्हणाल्या. "अगदी तशीच. मला सकाळपासून शब्द सुचत नव्हता."

आम्ही दोघं परत काड्या ओढायला लागलो. आणि ओढता ओढता माझं डोकं चालू झालं, कारण ते बंद पडतच नाही.

"बाई," मी म्हणालो, "मग दोघांनी पाहिला की. एक मी, एक तुम्ही."

"वर्षाचं अंतर आहे, भाऊ. एकाच वेळी पाहावा लागतो."

"नियम काय आहे? दोघांनी पाहिलेला. एकाच वेळी असं कधी म्हणालात तुम्ही? विचारा यांना. मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलाय."

बाईंनी कुंचला वाटीवर ठेवला. पलीकडे बायको हुदहुदाच्या तुऱ्यात कोळसा भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बरोबर बोलून राहिले ते. तुमी तसं नव्हत्या म्हणाल्या, बाई." साक्षीदार शेवटी कामाला आला.

बाईंनी कुंचला उचलून आणखी एक काडी वाकवली. मग त्या जे बोलल्या ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"पूर्ण पक्षी नाही. यादीतही नाही. गवतातून शेपूट दिसेल, तेवढी काढा."

भाव! बाई भाव करत होत्या. मी कुंचला खाली ठेवून मांडी नीट केली.

"शेपूट आणि पाठ," मी म्हणालो.

"शेपूट."

"शेपूट आणि खांद्यावरचं मोरपंखी, एवढंसं."

"शेपूट, भाऊ. नाहीतर गवतच राहू द्या."

"बरं, शेपूट. आणि तिच्याखालचं लाल. लालाशिवाय ती कोणाचीही शेपूट वाटेल."

त्यांनी विचार केला. "बरं," म्हणाल्या. "लाल घ्या."

गेरूत पळसाचा रंग कालवून मी लाल केला. दोनदा फार भगवा आला, तिसऱ्यांदा जमला. गवतातल्या काड्यांमध्ये बाईंनी जागा केली, आणि मी आखूड, बोटभर शेपूट काढली, खाली लाल. बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "जरा सरका, माझ्या हुदहुदाचा पाय यायचा आहे." सरकलो.

ते कापड आता धरमपेठेतल्या त्याच हॉलमध्ये गेल्या वर्षीच्या शेजारी लावलेलं आहे. कोणी विचारलं की बाई सांगतात, खाली गवत आहे. कोणी वाकून पाहिलं तरच शेपूट दिसते. नुसत्या शेपटीवरही मी तयार होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.